बल्ब पेटला नाही म्हणजे पाण्यातून वीज जात नाही? शाळेतला प्रयोग, टीडीएस मीटर आणि दारात आलेला प्युरिफायरवाला

दारावरची बेल वाजते. गळ्यात ओळखपत्र, हातात बॅग. "काका, फक्त दोन मिनिटं, तुमच्या पाण्याची फ्री टेस्ट करून देतो." स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दोन ग्लास मांडले जातात. एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने सोबत आणलेलं मशीनचं पाणी. मग बॅगेतून एक उपकरण निघतं. त्याला खाली धातूच्या चार कांड्या, वर एक वायर आणि प्लग. कांड्या पाण्यात बुडवून बटण दाबलं की मिनिटभरात नळाचं पाणी पिवळट होतं, मग हिरवट आणि शेवटी गटारासारखं तपकिरी. वर फेस, खाली गाळ. शेजारचा ग्लास मात्र जवळपास स्वच्छ राहतो.

"बघा, हे तुम्ही रोज मुलांना पाजता."

त्यानंतर घरात जी शांतता पसरते, तिच्यावर बरीच यंत्रं विकली गेली आहेत. गंमत अशी, की हा 'खेळ' उलगडण्यासाठी लागणारं सगळं विज्ञान त्याच घरातल्या आठवी-नववीतल्या मुलाच्या दप्तरात असतं. कोणत्या द्रवातून वीज जाते आणि कोणत्या नाही, हा तो धडा. परीक्षेत दोन-तीन मार्कांना येतो आणि मग विसरला जातो.

प्रयोग नेमका काय असतो?

राज्य मंडळाच्या नववीच्या पुस्तकात 'आम्ल, आम्लारी व क्षार' या धड्यात तो भेटतो. एनसीईआरटीच्या पुस्तकांत तो दहावीला भेटतो, आणि आठवीच्या जुन्या पुस्तकातही होता. मांडणी सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच. एक बॅटरी, एक छोटा बल्ब आणि दोन वायर. सर्किट एका जागी तोडायचं आणि तुटलेली दोन्ही टोकं द्रवात बुडवायची. द्रवातून वीज गेली तर सर्किट पूर्ण होतं आणि बल्ब पेटतो.

दहावीच्या प्रयोगात रबरी बुचात दोन खिळे खोचून ते बीकरमध्ये ठेवतात. आधी पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल ओततात, मग ग्लुकोजचं द्रावण, मग अल्कोहोल. आम्लात बल्ब पेटतो. ग्लुकोज आणि अल्कोहोलमध्ये हायड्रोजन असूनही पेटत नाही. आठवीच्या जुन्या पुस्तकातल्या प्रयोगात लिंबाचा रस, व्हिनेगर, नळाचं पाणी, खाद्यतेल, दूध, मध असा स्वयंपाकघरातलाच ऐवज असायचा.

मग वहीत तक्ता काढायचा. द्रवाचं नाव, बल्ब पेटला की नाही, वाहक की दुर्वाहक. आणि इथेच एक घोटाळा होतो, जो पुढे आयुष्यभर सोबत राहतो. तक्त्यात दोनच रकाने असतात, 'हो' आणि 'नाही'. प्रत्यक्षात प्रश्न 'किती' असा असतो.

बल्ब खोटं बोलतो

टॉर्चचा छोटा बल्ब नीट पेटायला साधारण २०० ते ३०० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. त्याच्या आतली तार तापून लाल-पिवळी झाली तरच प्रकाश पडतो. प्रवाह त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका असला, तर तो वाहत असतो, पण बल्ब काळाच राहतो.

आता थोडा हिशेब. दोन्ही टोकांचा प्रत्येकी एक चौरस सेंटीमीटर भाग पाण्यात बुडाला आहे आणि त्यांच्यात दोन सेंटीमीटर अंतर आहे असं धरू. नळाच्या साध्या पाण्यात या दोन टोकांमधला रोध ४,००० ओहमच्या घरात भरतो. सहा व्होल्टची बॅटरी लावली तर प्रवाह फार तर दीड मिलिअँपिअर. बल्बला हवेत २००, मिळतोय दीड. तो कसा पेटणार? पण विद्यार्थी वहीत लिहितो: 'नळाचं पाणी: दुर्वाहक.' आणि तोच विद्यार्थी संध्याकाळी घरी जाऊन ओल्या हाताने गीझरचं बटण दाबतो.

त्याच बीकरमध्ये चमचाभर मीठ टाकलं की तोच रोध काही दशक ओहमपर्यंत खाली येतो. आता प्रवाह पन्नास-शंभर मिलिअँपिअरच्या टप्प्यात जातो आणि बल्बची तार मंद लाल दिसू लागते. टोकं जवळ आणली, जास्त खोल बुडवली, तर आणखी उजळते. म्हणजे बल्बचं पेटणं फक्त द्रवावर ठरत नाही. बॅटरी किती व्होल्टची, टोकं किती बुडाली, त्यांच्यात अंतर किती, यावरही ते अवलंबून असतं.

म्हणूनच आठवीच्या त्या जुन्या पुस्तकात बल्बच्या जागी एलईडी लावायला सांगितलं होतं. एलईडी एखाद्या मिलिअँपिअरलाही अंधुक का होईना उजळतो. त्याहून मजेशीर उपाय त्याच धड्यात होता. काडेपेटीच्या आतल्या ट्रेमध्ये छोटं होकायंत्र ठेवायचं, ट्रेभोवती वायरचे बरेच वेढे द्यायचे आणि वायरचं एक टोक बॅटरीला जोडायचं. प्रवाह वाहिला की त्याचं चुंबकत्व होकायंत्राची सुई हलवतं. हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाच्या १८२० मधल्या शोधाचा हा घरगुती अवतार. बल्ब ज्या द्रवाला 'नाही' म्हणतो, त्यातल्या काहींना ही सुई 'हो, थोडंसं' म्हणते.

शिक्षकांनी एकाच पाण्यात आधी बल्ब आणि मग एलईडी लावून दाखवला, तर निम्मा धडा पाच मिनिटांत समजतो. अनेक शाळांत तेवढंही होत नाही. प्रयोग फळ्यावर काढला जातो आणि निष्कर्ष तोंडी सांगितला जातो, हे या धड्याचं दुर्दैव.

द्रवातून नेमकं काय वाहतं?

तांब्याच्या तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात. त्यामुळे बहुतेकांना वाटतं, की पाण्यातूनही इलेक्ट्रॉनच पोहत पलीकडे जातात. तसं होत नाही. पाण्यातून जातात ते आयन, म्हणजे विद्युतप्रभार असलेले कण.

मिठाचा खडा म्हणजे सोडिअमचे धनप्रभारित आणि क्लोरिनचे ऋणप्रभारित आयन एकमेकांना घट्ट चिकटून रचलेले. खडा कोरडा असताना ते जागचे हलू शकत नाहीत, म्हणून कोरड्या मिठातून वीज जात नाही. खडा पाण्यात पडला की पाण्याचे रेणू प्रत्येक आयनाला घेरून सुटं करतात. आता बॅटरीची टोकं बुडवली की धनायन ऋणाग्राकडे आणि ऋणायन धनाग्राकडे सरकू लागतात. त्यांचा वेग ऐकून हसू येईल. शाळेतल्या प्रयोगात सोडिअमचा आयन सेकंदाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास सरकतो. पण असे आयन अब्जावधी असतात आणि सगळे एकदम सरकतात, म्हणून बटण दाबताच प्रवाह सुरू झालेला दिसतो.

साखरेचं तसं नाही. साखर पाण्यात विरघळते, पण तिचे रेणू अख्खेच राहतात. त्यांच्यावर प्रभार नाही, त्यामुळे बॅटरीने ओढलं काय किंवा ढकललं काय, त्यांना फरक पडत नाही. ग्लुकोज आणि अल्कोहोलचंही तेच. तेलात तर आयन जवळपास नसतातच.

आम्लांमध्ये आणखी एक बारकावा आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात गेलं की त्याचे जवळजवळ सगळे रेणू फुटून आयन होतात. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल मात्र कंजूष. घरातल्या व्हिनेगरमध्ये शंभरातला एखादा रेणूही धड फुटत नाही. म्हणून व्हिनेगरमध्ये एलईडी मंद आणि हायड्रोक्लोरिक आम्लात प्रखर. 'तीव्र आम्ल' आणि 'सौम्य आम्ल' या शब्दांचा अर्थ पाठ करण्यापेक्षा असा डोळ्यांनी बघितलेला बरा.

ज्याला कमी मार्क मिळाले, त्यालाच नोबेल

आज हे सोपं वाटतं. पण मीठ पाण्यात टाकताच त्याचे आयन आपोआप सुटे होतात, हे मान्य करायला रसायनशास्त्रज्ञांना बराच काळ लागला.

व्होल्टाने पहिली बॅटरी जाहीर केली ते वर्ष १८००. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी तिची टोकं पाण्यात बुडवून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशिअम हा धातू मिळवला. डेव्हीचा मदतनीस असलेल्या मायकेल फॅरडेने पुढे मोजमाप करून नियम मांडले आणि १८३४ मध्ये आयन, इलेक्ट्रोड, अ‍ॅनोड, कॅथोड हे शब्द वापरात आणले. ग्रीक मुळांवरून हे शब्द घडवायला त्याला केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांची मदत झाली होती. पण फॅरडेची समजूत अशी होती, की आयन वीज सोडल्यामुळे तयार होतात.

१८८४ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात स्वान्ते अऱ्हेनिअस या पंचविशीतल्या तरुणाने द्रावणांच्या विद्युतवाहकतेवर पीएचडीचा प्रबंध सादर केला. यातूनच पुढच्या काही वर्षांत त्याचा सिद्धान्त आकाराला आला: वीज सोडा किंवा सोडू नका, मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे आयन सुटे झालेलेच असतात. परीक्षकांना प्रबंध रुचला नाही. त्याला इतका खालचा दर्जा मिळाला, की विद्यापीठात नोकरी मिळण्याचीही मारामार. लोकांचा आक्षेप तसा बिनतोड वाटणारा होता. सोडिअम पाण्यात पडला तर पेट घेतो, क्लोरिन विषारी वायू आहे, मग मिठाच्या पाण्यात हे दोघे सुटे फिरत असतील तर आपण आमटी खाऊन जिवंत कसे?

उत्तर असं, की सोडिअमचा अणू आणि सोडिअमचा आयन या दोन वेगळ्या चिजा आहेत. एक इलेक्ट्रॉन गमावलेला सोडिअम शांत असतो, त्याला पाण्याशी भांडण्यात रस नसतो. अऱ्हेनिअसने प्रबंध बाहेरच्या शास्त्रज्ञांना पाठवला. त्यातला विल्हेल्म ओस्टवाल्ड इतका प्रभावित झाला, की त्याला भेटायला थेट उप्सालाला आला. १९०३ मध्ये याच सिद्धान्तासाठी अऱ्हेनिअसला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग शुद्ध पाणी वाहक की दुर्वाहक?

पुस्तकातलं वाक्य असतं, 'ऊर्ध्वपातित पाणी विजेचं दुर्वाहक आहे.' व्यवहारात ते बरोबर आहे, पण ते अर्धंच लक्षात राहतं.

विद्युतवाहकता मोजायचं एकक आहे मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर. अगदी शंभर टक्के शुद्ध पाणीही शून्यावर नसतं. पाण्याचे काही मोजके रेणू आपोआप फुटून आयन होतात, त्यामुळे २५ अंशांना त्याची वाहकता ०.०५५ भरते. असं पाणी बाटलीत भरून उघडं ठेवलं, की ते हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषतं, त्याचं कार्बनिक आम्ल होतं आणि वाहकता एकच्या आसपास पोहोचते. म्हणजे नुसत्या हवेने जवळपास वीस पट वाढ. नळाचं पाणी शे-दोनशेपासून हजारपर्यंत कुठेही असू शकतं. समुद्राचं पाणी सुमारे ५०,०००. इन्व्हर्टरच्या बॅटरीत नळाचं पाणी घालू नका असं का सांगतात, ते या आकड्यांवरून कळतं. त्यातले नको ते आयन प्लेट्सची वाट लावतात.

आणि आता तो धोकादायक गैरसमज. पावसाळा आला की एखादा तरी मेसेज फिरतो, की पावसाचं पाणी 'शुद्ध' असतं, त्यामुळे त्यातून करंट लागत नाही. ढगातून निघालेला थेंब बराच शुद्ध असतो हे खरं. पण खाली येता येता तो हवेतले वायू आणि धूळ घेतो, रस्त्यावर आला की माती, क्षार आणि सांडपाणी घेतो, आणि तुमच्या कातडीवर आला की घामातलं मीठ घेतो. साचलेल्या पाण्यात पाय असताना विजेच्या खांबाला हात लागला, तर थेंब कुठल्या ढगातून आला होता याने काहीच फरक पडत नाही.

कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो. ती ओली झाली की शरीराचा एकूण रोध एक हजार ओहमच्या आसपास येऊ शकतो. घरातली वीज २३० व्होल्टची. भागाकार केला तर उत्तर येतं २३० मिलिअँपिअर. घराच्या मीटरजवळ बसवलेला जीवरक्षक आरसीसीबी साधारणपणे ३० मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडतो, कारण त्यापुढे हृदयाच्या ठोक्यांना धोका सुरू होतो. शाळेतला बल्ब पेटायला जितका प्रवाह लागतो, त्याच्या दहाव्या भागात माणूस दगावू शकतो. 'बल्ब पेटला नाही, म्हणजे सुरक्षित' असं म्हणणं म्हणूनच चुकीचं. आणि विजेच्या उपकरणाला आग लागली तर मेन स्विच बंद करण्याआधी पाणी मारू नये, तेही याच कारणाने.

पाणी काळं-पिवळं होतं, तो मळ कुठून येतो?

आता पुन्हा ओट्यावरच्या दोन ग्लासांकडे.

वायर आणि द्रव जिथे भेटतात, तिथे एक अडचण असते. वायरमध्ये इलेक्ट्रॉन, पाण्यात आयन. या दोघांत देवाणघेवाण व्हायची तर रासायनिक क्रिया व्हावीच लागते. ऋणाग्रावर पाण्याचे रेणू इलेक्ट्रॉन घेतात आणि हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. धनाग्रावर काय होईल हे तिथला धातू ठरवतो. तो प्लॅटिनमसारखा मख्ख असेल तर वायू निघतात. तो तांब्याचा किंवा लोखंडाचा असेल, तर धातू स्वतःच विरघळू लागतो. मिठाच्या पाण्यात तांब्याची वायर वापरणाऱ्या मुलांनी हे पाहिलेलं असतं: थोड्या वेळात पाणी निळसर-हिरवट आणि गढूळ होतं.

विक्रेत्याच्या उपकरणातल्या कांड्या साधारणपणे लोखंडाच्या आणि ॲल्युमिनिअमच्या असतात. लोखंडाची कांडी धनाग्र झाली की लोखंड आयनांच्या रूपात पाण्यात उतरतं, तिथे त्याचं हायड्रॉक्साईड बनतं. ते आधी हिरवट दिसतं, मग ऑक्सिजन मिळाला की तपकिरी. हा साधा गंजच आहे, फक्त विजेच्या जोरावर दोन मिनिटांत तयार झालेला. ॲल्युमिनिअमचा पांढरट चिकट गाळ वेगळाच. फेस आणतो तो हायड्रोजन.

फॅरडेच्या नियमाने हिशेब करता येतो. ०.२ अँपिअरचा प्रवाह दोन मिनिटं वाहिला तर कांडीतून सुमारे ७ मिलिग्रॅम लोखंड पाण्यात उतरतं. ग्लासभर पाणी घाणेरडं दिसायला तेवढं पुरेसं आहे. म्हणजे ग्लासातला तो गाळ तुमच्या नळातून आलेला नाही. तो विक्रेत्याच्या कांडीतून आला आहे.

मग त्याचा ग्लास स्वच्छ का राहिला? कारण आरओ मशीन पाण्यातले बहुतेक क्षार काढून टाकतं. क्षार नाहीत म्हणजे आयन नाहीत, आयन नाहीत म्हणजे प्रवाह नाही आणि प्रवाह नाही म्हणजे कांडी विरघळत नाही. प्रात्यक्षिक फक्त एवढंच सिद्ध करतं, की या पाण्यातून वीज जास्त जाते आणि त्या पाण्यातून कमी. पाणी पिण्याजोगं आहे की नाही, याचा त्यात कुठेही संबंध येत नाही. सह्याद्रीतल्या एखाद्या झऱ्याचं उत्तम पाणीही त्या कांड्यांखाली पिवळं पडेल. उलट, गटारातलं पाणी उकळून त्याची वाफ थंड केली, तर ते बराच वेळ स्वच्छ दिसेल.

खातरजमा करायची तर विक्रेत्यालाच विनंती करावी, की त्याच्या 'शुद्ध' पाण्यात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा दाखव. जे मीठ आपण जेवणात खातो, तेच. ग्लासाचा रंग बघण्यासारखा असेल, आणि चेहऱ्याचाही. मात्र ते उपकरण थेट घरातल्या प्लगवर चालतं. त्या कांड्यांना किंवा पाण्याला हात लावायचा नाही आणि तसलं उपकरण घरी करून बघण्याच्या फंदात पडायचं नाही.

टीडीएस मीटर तरी खरं बोलतो का?

काही विक्रेते कांड्यांऐवजी पेनासारखं मीटर काढतात. "तुमचा टीडीएस ३८०, आमचा ४०. आता तुम्हीच ठरवा." ऑनलाइन मिळणारं हे मीटर आता अनेक घरांत असतं.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण घनपदार्थ. नाव असं असलं तरी मीटर घनपदार्थ मोजत नाही. त्याच्या टोकाला दोन छोटे इलेक्ट्रोड असतात, तो त्यांच्यातली वाहकता मोजतो आणि तिला एका ठरावीक आकड्याने गुणतो. म्हणजे हा शाळेतलाच प्रयोग, बल्बच्या जागी आकडा. कारागिरी एवढीच, की बॅटरीच्या एकाच दिशेच्या प्रवाहाऐवजी तो उलटसुलट होणारा प्रवाह वापरतो, त्यामुळे टोकांवर बुडबुडे साचत नाहीत आणि टोकं झिजत नाहीत.

गुणकाची भानगड लक्षात घेण्यासारखी आहे. कुठलं मीटर ०.५ ने गुणतं, कुठलं ०.७ ने. वाहकता ६०० असलेल्या एकाच पाण्याला एक मीटर ३०० टीडीएस सांगेल, दुसरं ४२०. दोन्ही मीटर 'बरोबर'.

त्याहून मजा साखरेची. २०० मिलिलीटर पाण्यात १० ग्रॅम साखर विरघळवली, तर त्यात लीटरमागे ५०,००० मिलिग्रॅम विरघळलेला घनपदार्थ आहे. मीटर बुडवा, आकडा जवळपास होता तिथेच राहील. कारण साखरेचे आयन होत नाहीत. ज्यांच्या घरी मीटर आहे त्यांनी हे आजच करून बघावं, नंतर सरबत पिऊन टाकावं.

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लीटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतो आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत. ३८० म्हणजे त्या मर्यादेच्या आत. यातले बरेचसे क्षार कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, सोडिअम यांचे, म्हणजे पाण्याला चव देणारे.

आणि ज्याची खरी भीती बाळगायला हवी, ते या मीटरला दिसतच नाही. कॉलरा, टायफॉइड, कावीळ पसरवणारे जंतू वाहकतेत भर घालत नाहीत. आर्सेनिकची मर्यादा लीटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. ती दहापट ओलांडली तरी मीटरचा आकडा हलणार नाही. फ्लोराईडची गोष्ट तर महाराष्ट्राच्या जवळची. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांतल्या बोअरच्या पाण्यात ते जास्त आढळतं आणि दात, हाडं खराब करतं. त्याची मर्यादा १ मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर दीड. बोअरच्या पाण्यात फ्लोराईड तीन असलं तर टीडीएसमध्ये तीनचा फरक पडेल. सकाळ-संध्याकाळच्या मापात तेवढा फरक तसाही पडतो.

म्हणून टीडीएस ४० असलेलं पाणी दूषित असू शकतं आणि ४०० असलेलं उत्तम. आरओ मशीन निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. पाणी खरोखर खारं असेल, किंवा तपासणीत फ्लोराईड, नायट्रेट, आर्सेनिक सापडलं असेल, तर त्याची गरज आहेच. पण तो निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालावर घ्यायचा असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत. बाटलीत नमुना नेऊन दिला की जंतू आणि रसायनं दोन्हींची तपासणी होऊ शकते.

शेतात आणि गोठ्यातही हाच प्रयोग

वाहकता मोजणं निरर्थक आहे असंही नाही. योग्य प्रश्नाला ते नेमकं उत्तर देतं.

शेतकऱ्यांना मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सामूच्या शेजारी 'ईसी' असा एक रकाना असतो. ती मातीच्या द्रावणाची विद्युतवाहकता. क्षार वाढले की आयन वाढतात आणि ईसी वाढते. संपृक्त अर्काची ईसी ४ डेसीसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त समजतात. पीक ओल्या जमिनीत उभं राहूनही सुकतं, कारण मुळांना ते पाणी ओढता येत नाही. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या ऊस पट्ट्यात, विशेषतः शिरोळ भागात, अति पाण्याने आणि निचरा न झाल्याने क्षारपड झालेल्या जमिनी हा तिथल्या शेतकऱ्यांचा जुना घोर आहे. तिथे ईसीचा आकडा म्हणजे अख्ख्या कुटुंबाचं उत्पन्न.

दूध आयनांमुळेच वीज वाहतं. गायीच्या कासेला दाह झाला, म्हणजे मस्टायटिस, तर दुधात सोडिअम आणि क्लोराईड वाढतं आणि वाहकता चढते. आधुनिक गोठ्यांतल्या दूध काढण्याच्या यंत्रांत यासाठीच सेन्सर बसवलेले असतात. कास सुजलेली डोळ्यांना दिसण्याआधीच ते आजाराची चाहूल देऊ शकतात.

घरी करून बघायचं असेल तर

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक लाल एलईडी, त्याच्यासोबत ४७० ओहमचा रेझिस्टर आणि तीन-चार वायर. सगळं मिळून शंभर रुपयांच्या आत-बाहेर. द्रवात बुडवायला तांब्याच्या टोकांऐवजी दोन्ही बाजूंनी तासलेल्या दोन पेन्सिली वापराव्यात. शिसं म्हणजे ग्रॅफाइट, ते विरघळून पाणी रंगवत नाही. एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या धन बाजूला जोडायचा, उलटा लागला तर तो पेटणार नाही आणि उगाच द्रवाला दोष जाईल.

प्रत्येक द्रवानंतर टोकं धुवायची, नाहीतर लिंबाच्या रसातले आयन साखरेच्या पाण्यात जातात आणि साखर 'वाहक' ठरते. वर्गात चुकीचे निकाल येण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. टोकांमधलं अंतर आणि बुडवण्याची खोली दर वेळी सारखी ठेवायची. मिठाच्या पाण्यात प्रयोग लांबवला तर स्विमिंग पूलसारखा वास येतो. तो क्लोरिन असतो, म्हणून खिडकी उघडी हवी आणि अर्ध्या मिनिटात आटोपतं घ्यायचं. मोबाईलचा चार्जर किंवा भिंतीतला प्लग यासाठी कधीच वापरायचा नाही.

आणि तक्त्यात 'पेटला / नाही पेटला' लिहिण्याऐवजी 'प्रखर, मध्यम, अंधुक, दिसला नाही' असे चार रकाने आखावेत. नळाचं पाणी बहुतेक वेळा 'अंधुक'मध्ये येईल. खोलीतला दिवा बंद केला तर ते नीट दिसतं.